श्रीलंकेचा पाठ : आरंभ तळ्यांपासून

‘लंकेत सोन्याच्या विटा’ ही म्हण आपल्या विद्यार्थ्यांच्या कानी लहानपणीच पडलेली असते. रावणाची राजधानी, हनुमंताने लावलेली आग, वानरांनी बांधलेला सेतू एवढी सामग्री मनात घेऊनच मूल भूगोलाच्या तासाला बसते. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी ‘रेडिओ सिलोन’चे नाव काढलेले असते, ते वेगळेच. अशा वेळी ‘श्रीलंका हे हिंदी महासागरातील एक बेट आहे’ एवढेच सांगून शिक्षकाने नकाशावर छडी टेकविली, तर मुलाच्या मनात दोन लंका तयार होतात. एक कथेतील व दुसरी परीक्षेतील. जेथे लोक भात पिकवितात, तळ्यांचे बांध राखतात आणि पावसाची वाट पाहतात, ती तिसरी, प्रत्यक्ष लंका या दोहोंच्या मध्ये हरवून जाते.

कथेतील लंका खोटी ठरविण्याची खटपट शिक्षकाने करू नये. तिचे स्थान भाषेच्या तासाला आहे व तेथे ते योग्यच आहे. भूगोलाच्या तासाची खरी अडचण निराळी आहे. प्रवासवर्णनांतून व चित्रांतून आपल्यापुढे येते ती स्थळांची यादी: अनुराधपूर, सिगिरिया, पोलोन्नरुवा, कँडी, नुवारा एलिया, गॉल. ही यादी मुले पाठ करतात आणि आठ दिवसांत विसरतात, कारण एक स्थळ दुसऱ्याशी का जोडलेले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्राचीन नगरांचे अवशेष बेटाच्या उत्तरेकडील सपाट, कोरड्या भागात; आणि धबधबे, चहाचे मळे, थंड हवेची ठिकाणे मात्र दक्षिणेकडील डोंगरात; असे का, हा प्रश्न एकदा वर्गात उभा राहिला की सारा पाठ त्याभोवती आपोआप गुंफला जातो. त्याचे उत्तर पावसात आणि तळ्यांत आहे.

प्रथम नकाशा घ्यावा. छापील नकाशा नसल्यास वर्गाच्या जमिनीवर खडूने काढावा. टपकू पाहणाऱ्या पाण्याच्या थेंबासारखा या बेटाचा आकार आहे. वर निमुळता, खाली फुगीर. भारताच्या धनुष्कोडीपासून पलीकडच्या तलैमन्नारपर्यंतचे अंतर सुमारे तीस किलोमीटर. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-पंचमांशाहून थोडे अधिक. हा देश 4 फेब्रुवारी 1948 रोजी स्वतंत्र झाला. त्याचे ‘सिलोन’ हे नाव जाऊन ‘श्रीलंका’ हे नाव 1972 साली आले, ही गोष्ट येथेच सांगून टाकावी, म्हणजे आजोबांचे सिलोन व पुस्तकातील श्रीलंका एकच, हे मुलांस कळेल. थेंबाच्या फुगीर भागात, मध्याच्या किंचित खाली, मातीचे ढीग करून डोंगर उभारावेत. तेथील सर्वोच्च शिखर पिदुरुतलागल 2,524 मीटर उंच आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटर.

यानंतर पाऊस. आपल्याकडे कोकणात धो धो पाऊस पडतो आणि सह्याद्री ओलांडताच देशावर तो रोडावतो, हे आपल्या मुलांस सांगावे लागत नाही. लंकेतही जूनच्या सुमारास येणारे नैर्ऋत्य वारे याच रीतीने बेटाच्या नैर्ऋत्य बाजूस व डोंगरांच्या त्या उतारावर रिते होतात. तेथे वर्षाला 2,500 मिलिमीटरहून अधिक, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट पाऊस पडतो. डोंगरापलीकडे, उत्तरेच्या व पूर्वेच्या मैदानात, या वाऱ्यांपासून फारसे काही मिळत नाही. तेथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान, ईशान्येकडून येतो. भाताचा मोठा हंगाम, ज्यास तेथे ‘महा’ म्हणतात, तो याच पावसावर उभा असतो. दुसरा, लहान हंगाम ‘यल’.

येथे शिक्षकाने एक सावधगिरी बाळगावी. या मैदानास भूगोलाच्या पुस्तकांत ‘शुष्क प्रदेश’ म्हणतात; पण अनुराधपुरास पडणारा पाऊस आपल्या सोलापूरच्या सुमारे दुप्पट असतो. तो शुष्क आहे तो तेथल्या ओल्या डोंगरांच्या मानाने. पाऊस थोड्या महिन्यांत कोसळतो, नंतर कडक ऊन पडते, आणि भातास तर खाचरात उभे पाणी लागते. म्हणून प्रश्न पावसाच्या मापाचा नसून तो धरून ठेवण्याचा होता. सपाट, सहज नांगरता येणारी जमीन हवी तर पाणी धरावे लागे. पाणी भरपूर हवे तर दाट अरण्यातील उभ्या उतारावर जावे लागे. प्राचीन लोकांनी सपाट जमीन निवडली आणि तळी बांधली. तळ्यास सिंहली भाषेत ‘वेव’ म्हणतात.

अनुराधपूर हे या तळ्यांचे नगर. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास ते राजधानी झाले आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस चोळांच्या स्वारीने मोडेपर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, बहुतेक वेळ राजधानीच राहिले. इतका दीर्घ काळ एका जागी नांदलेल्या राजधान्या जगात थोड्या आहेत. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात देवानांपिय तिस्स राजाच्या काळी सम्राट अशोकाचा पुत्र महेंद्र हा जवळच्या मिहिन्तले टेकडीवर आला व त्याने बुद्धाचा उपदेश केला. मागाहून अशोककन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणली, असे तेथील परंपरा सांगते. त्या फांदीचा वृक्ष अनुराधपुरात आजही आहे. मनुष्याने लावलेल्या व ज्याच्या लागवडीची नोंद आहे अशा जिवंत वृक्षांत तो जगात सर्वांत जुना मानतात. आपल्या शाळेच्या पारावरील पिंपळ त्याच जातीचा आहे. मुलांस पान हाती देऊनच ही गोष्ट सांगावी.

आता विटांकडे वळू. लंकेत विटा होत्या आणि त्या अगणित होत्या, परंतु सोन्याच्या नव्हत्या. भाजलेल्या मातीच्या होत्या. महासेन राजाने तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या संधीवर आरंभिलेला जेतवनाराम स्तूप मूळचा सुमारे 122 मीटर उंच होता. त्या काळी इजिप्तमधील गीझाचे दोन मोठे पिरॅमिड वगळता याहून उंच वास्तू जगात नव्हती, असे अभ्यासक मानतात. त्यास नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे. आज त्याची उंची सुमारे 71 मीटर उरली आहे. विटा पाडणारे, माती तुडविणारे, भट्टीस लाकूड आणणारे आणि रचणारे हे सारे लोक खात काय होते, असा प्रश्न वर्गास विचारावा. उत्तर एकच येते: भात. आणि भात तळ्यांखालचा. ज्या महासेनाने हा स्तूप उभारला, त्यानेच मिन्नेरियाचे विशाल तळे बांधले व लोकांनी पुढे त्यास त्या तळ्याचा देव मानून पूजिले. स्तूप आणि तळे या दोन वस्तू तेथील माणसाच्या मनात जोडीनेच येतात.

तळ्यांच्या कथेत सर्वांत हृदयद्रावक प्रकरण पाचव्या शतकातले आहे, आणि ते मुलांस सावकाश सांगण्याजोगे आहे. धातुसेन नावाच्या राजाने कलावेव हे मोठे तळे बांधविले. तेथून अनुराधपुराच्या तिस्सवेवपर्यंत सुमारे 87 किलोमीटरचा पाट काढला गेला. त्यास ‘योद एल’ म्हणजे राक्षसी कालवा असे म्हणतात. या पाटाच्या पहिल्या सत्तावीस किलोमीटरांत उतार किलोमीटरामागे अवघा दहा सेंटिमीटरच्या आसपास आहे. आपल्या भाषेत, शंभर मीटर चालावे तेव्हा पाट एक सेंटिमीटर खाली जातो. हा आकडा फळ्यावर लिहून सोडून देऊ नये. शाळेच्या आवारात वीस मीटरची दोरी ताणून दोन मिलिमीटरचा उतार साधण्याचा प्रयत्न मुलांकडून करवावा. गावचे गवंडी पाणसळ घेऊन आल्यास उत्तम. पारदर्शक नळीत पाणी भरूनही काम भागते. अर्ध्या तासात मुलांच्या लक्षात येईल की हा उतार डोळ्यास दिसत नाही, हातास लागत नाही. तो केवळ पाण्यालाच कळतो. उतार अधिक झाला तर पाट पोखरला जातो, कमी झाला तर गाळ बसून तुंबतो.

या धातुसेनाचा शेवट त्याच्या पुत्राच्या हातून झाला. कश्यप या पुत्राने राज्य बळकावून पित्यास बंदीत टाकले व राजकोश कोठे दडविला आहे ते सांग म्हणून छळ मांडला. इतिवृत्तात कथा अशी आहे की, धातुसेनाने आपणास कलावेवकडे नेण्यास सांगितले. तेथे तो पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी उचलले आणि माझी संपत्ती ती एवढीच, अशा अर्थाचे बोलला. कश्यपाने त्यास ठार करविले. ही कथा सांगून झाल्यावर लागलीच तिचे तात्पर्य विचारू नये. मुले थोडा वेळ गप्प बसतील, बसू द्यावे.

सिगिरियाचा दुर्ग याच कश्यपाचा. भावाच्या, मोग्गलानाच्या, भयाने त्याने अनुराधपूर सोडले आणि मैदानातून एकाएकी सुमारे 180 मीटर वर उठणाऱ्या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. त्याची कारकीर्द 477 ते 495. वर जाण्याची वाट विटांच्या एका प्रचंड सिंहाच्या देहातून होती; आज त्या सिंहाचे दोन पंजे तेवढे उरले आहेत. खडकाच्या पोटाशी, वाऱ्यापावसापासून आडोसा असलेल्या खोबणीत, मेघांतून वर आलेल्याशा दिसणाऱ्या स्त्रियांची रंगचित्रे आहेत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत वाकाटकांच्या काळी चित्रकारांचे हात चालत होते, हे शिक्षकाने अवश्य सांगावे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात तर सिंहल नामक व्यापाऱ्याची व त्याने ताम्रद्वीपावर मिळविलेल्या विजयाची मोठी कथाच रंगविली आहे. आपल्या जिल्ह्यातील मुलास लंकेचे सर्वांत जवळचे प्राचीन चित्र पाहावयाचे असेल, तर ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे.

सिगिरियाच्या चित्रांखाली एक गुळगुळीत भिंत आहे. सहाव्या शतकापासून पुढे शेकडो वर्षे येणाऱ्या प्रवाशांनी तीवर आपापल्या कविता कोरल्या. सेनरत परणवितान या विद्वानाने त्यांतील 685 कविता वाचून 1956 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. सिंहली भाषेच्या अभ्यासकांस हा ठेवा अमोल वाटतो. (गड-लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नका असे आपण मुलांस बजावतो, तेव्हा ही हकीकत सांगताना विचारी शिक्षकास थोडी पंचाईत पडेल. त्याने मुलांशी मोकळेपणे वाद घालावा.) पायथ्याच्या उद्यानातील कारंजी ही आणखी एक नवलाची वस्तू. जमिनीखालील दगडी नाल्यांतून पाण्याच्या दाबावर ती चालत आणि पावसाळ्यात पुरेसे पाणी साचले की आजही त्यांतून पाणी उसळते. पित्याची विद्या पुत्राच्या विलासास उपयोगी पडली, असे म्हणावयाचे. पुढे मोग्गलान भारतातून सैन्य घेऊन आला; कश्यपाने खडक सोडून मैदानात गाठ घेतली आणि पराभव दिसताच स्वतःचा प्राण घेतला.

चोळांनी अनुराधपूर मोडल्यावर राजधानी आग्नेयेस पोलोन्नरुवा येथे गेली. पहिल्या विजयबाहूने 1070 साली चोळांस घालविले, तरी त्यांची शिवमंदिरे तेथे अद्याप उभी आहेत. याच नगरीत गल विहाराच्या एकसंध कातळात बुद्धाच्या मूर्ती कोरल्या आहेत. त्यांतील पहुडलेली मूर्ती सुमारे चौदा मीटर लांबीची आहे. पहिल्या पराक्रमबाहूने (1153 ते 1186) नगराच्या कुशीला जे तळे विस्तारले, त्यास समुद्र हेच नाव पडले: पराक्रम समुद्र. त्याचा विस्तार सुमारे अडीच हजार हेक्टर आहे. पावसाचा लहानसा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून सागरास मिळू नये, असा या राजाचा निश्चय होता, हे तेथील शाळकरी मुलास ठाऊक असते.

मोठ्या तळ्यातून पाणी सोडणे हे ते अडविण्याहून कठीण काम आहे, हे आपल्याकडे धरणाखाली शेती करणारा कोणीही सांगेल. खोल पाण्याचा दाब मोरीतून इतक्या वेगाने बाहेर येतो की बांध आतून पोखरून निघावा. सिंहली कारागिरांनी त्यावर उपाय शोधला होता. बांधाच्या आतल्या बाजूस ते दगड-विटांनी बांधलेली चौकोनी विहीर घेत. तळ्याचे पाणी प्रथम या विहिरीत येई. तेथे दारांनी त्याचे मान राखले जाई व वेग मोडे. मग ते बांधाखालच्या नाल्यातून शांतपणे पाटास लागे. या रचनेस ‘बिसोकोटुव’ असे नाव आहे. अशा रचना ख्रिस्ताब्दाच्या आरंभीच्या शतकांतही होत्या. शाळेत हे दाखविण्यास मातीचा बांध, एक डबा आणि दोन पोकळ बांबू पुरतात. प्रथम बांबू सरळ बांधातून काढावा व पाणी कसे उसळते ते दाखवावे. मग मध्ये डबा बसवून पुन्हा पाहावे.

याहूनही आपल्या उपयोगाची गोष्ट लहान तळ्यांची आहे. राजांची तळी थोडी, गावांची हजारो. एका ओढ्यावर ती साखळीने बांधलेली असत. वरच्या तळ्याच्या सांडव्याचे व शेतांतून निथळलेले पाणी खालच्या तळ्यास मिळे, त्याचे त्याखालच्या. वरच्या गावाने बांध राखला नाही तर खालच्या गावचे तळेही धोक्यात येई. म्हणून बांधावर माती टाकणे, गाळ काढणे, पाट झाडणे ही कामे गावाने मिळून करावयाची असत. पाणी अपुरे असले त्या वर्षी सर्वांनी आपापली शेते न पेरता तळ्यालगतची थोडीच जमीन वाटून घेऊन पेरण्याची रीत होती.

मग हे सारे मोडले कशाने? तेराव्या शतकाच्या आरंभी, 1215 साली, माघ नावाच्या आक्रमकाने पोलोन्नरुवा लुटले. राज्य विस्कटले, देखरेख करणारी यंत्रणा गेली, फुटलेले बांध तसेच राहिले. साचलेल्या डबक्यांत डास झाले, हिवतापाने माणसे गेली किंवा पळाली, आणि नगरांवर अरण्य चढले. एकाच कारणावर बोट ठेवणे कठीण आहे; इतिहासकारांत मतभेद आहेत व ते मुलांपासून लपवू नयेत. राजधान्या मात्र त्यानंतर पावसाच्या प्रदेशाकडे, नैर्ऋत्येकडे व डोंगराकडे सरकत गेल्या, ही गोष्ट नकाशावर सरळ दिसते. कलावेव पुन्हा बांधून पाणी साठले ते 1887 साली, इंग्रजी अमदानीत. पराक्रम समुद्राची दुरुस्ती विसाव्या शतकात झाली. प्राचीन तळे म्हणून ते अभंग असते, असेही नव्हे. त्रिंकोमलीजवळचे कंतले तळे 20 एप्रिल 1986 रोजी फुटले व शंभराहून अधिक माणसे दगावली.

डोंगरी भागाचे वर्णन संक्षेपाने केले तरी चालेल, कारण चित्रे बहुधा त्याचीच असतात. कँडी ही शेवटची राजधानी. किनाऱ्यावर 1505 साली पोर्तुगीज आले, 1658 पर्यंत त्यांस हुसकून डच बसले, 1796 साली इंग्रज. पण डोंगरांच्या आधाराने कँडीचे राज्य 1815 पर्यंत टिकले. तेथे बुद्धाचा दंतधातू जतन केलेले मंदिर असून जुलै-ऑगस्टच्या सुमारास हत्तींची भव्य मिरवणूक निघते. श्रीपाद हे 2,243 मीटर उंचीचे शिखर तर सर्वांचेच: माथ्यावरील पावलाचा ठसा बौद्ध बुद्धाचा, हिंदू शिवाचा आणि मुसलमान आदमचा मानतात, आणि सारे एकाच पायवाटेने चढतात.

चहाचे मळे दाखविताना मात्र हिरव्या रंगावर थांबू नये. जेम्स टेलर याने 1867 साली कँडीजवळ चहाची लागवड केली. 1869 पासून कॉफीवर तांबेरा पडून ते पीक बुडाले आणि डोंगर चहाने भरले. पाने खुडण्यास माणसे आणली ती दक्षिण भारतातील तमिळ जिल्ह्यांतून. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीच्या कायद्याने यांतील बहुसंख्य लोक नागरिकत्वास मुकले. 1964 च्या भारत-श्रीलंका करारानंतर कित्येक कुटुंबे भारतात परत पाठविली गेली. मागे राहिलेल्यांतील उरलेल्यांचा प्रश्न 2003 च्या कायद्याने मिटला. सकाळचा चहा पिऊन आलेल्या मुलास एवढे ठाऊक असावे. उत्तरेकडील जाफना द्वीपकल्पात चुनखडीच्या खडकामुळे नद्या नाहीत. तेथील तमिळ शेतकरी विहिरींवर शेती करतो. सिंहली बहुसंख्याकांचे शासन व तमिळ बंडखोर यांत 1983 ते 2009 पर्यंत युद्ध झाले व त्यात फार मोठी प्राणहानी झाली. मोठ्या वर्गास हे सांगावे, लहानांस नुसता उल्लेख पुरे. दक्षिण टोकाशी असलेल्या गॉलचा डच तट 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत टिकून राहिला व आतील जुने गाव बरेचसे वाचले. तटाबाहेरील वस्ती वाहून गेली.

या पाठास तीन तास पुरतात. चौथा तास गावच्या तळ्यावर किंवा बंधाऱ्यावर घ्यावा. सांडवा कोठे आहे, तो शेवटचा केव्हा वाहिला, मोरीची किल्ली कोणाजवळ असते, गाळ कोणी व कोणत्या वर्षी काढला, वरच्या ओढ्यावर कोणते गाव आहे, हे मुलांनी वडीलधाऱ्यांस विचारून लंकेच्या नकाशाशेजारीच वहीत लिहावे. तळ्यात पाणी असल्यास मुलांना बांधाच्या आतल्या उतारावर जाऊ देऊ नये, आणि मोजणीची दोरी शिक्षकाने स्वतः धरावी.